गर्भपाताच्या दिवशीच तांबी बसवून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठव्या आठवड्यात गर्भपात करायचं ठरलं आहे, गोळ्यांनी की पिशवी साफ करून हे अजून नक्की नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना मध्ये दोन-तीन चुकल्या आणि दिवस राहिले, म्हणून डॉक्टर म्हणतात की त्याच वेळी कॉपर-टी बसवून टाकू. तीन-चार वर्षांनी मूल हवंच आहे. मोठ्या बहिणीला कॉपर-टी काढल्यावर दिवस राहायला दोन वर्षं लागली, त्याची मनात धास्ती आहे. आणि इतक्या लगेच पिशवीत काही बसवणं शरीराला झेपेल का, असंही विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देते. त्याच दिवशी बसवायला वैद्यकीय अडचण नाही. पुढे मूल होण्याच्या आड तांबी येत नाही. पण तुमच्यासाठी कॉपर-टी ही पहिली निवड असावी असं मला वाटत नाही. त्याचं कारण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीत आहे: पाळीचे पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं आणि हिमोग्लोबिन साडेनऊच्या वर जात नाही. डॉक्टरांना ही ओळ सांगितली होती का? नसेल तर आजच सांगा. माझ्या लेखी सगळा निर्णय या ओळीभोवती फिरतो.

गोळ्या चुकल्याबद्दल तुम्ही स्वतःला बोल लावला आहे, तो लावू नका. रोज ठरल्या वेळी गोळी घेणं फार थोड्यांना जमतं. विसरणं, उलटी होणं, प्रवासात पाकीट घरी राहणं हे सगळं धरलं तर वर्षभरात 100 जणींपैकी साधारण 7 जणींना गोळ्यांवर असतानाच दिवस राहतात. कंडोमच्या बाबतीत हा आकडा 13च्या आसपास जातो. कॉपर-टी, तांब्याऐवजी हार्मोन सोडणारी तांबी आणि दंडात बसवायचं हार्मोनचं इम्प्लांट या तिन्हींत मात्र तो एकाच्याही खाली राहतो, कारण एकदा बसवल्यावर आठवण ठेवायचं काम उरतच नाही. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये 9,000हून अधिक स्त्रिया सामील झालेल्या, गर्भनिरोधकांवरच्या चॉइस प्रकल्पाचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. गोळ्या, कातडीवर चिकटवायचा हार्मोनचा पॅच किंवा योनीत ठेवायची रिंग वापरणाऱ्यांत साधन फसण्याचं प्रमाण तांबी-इम्प्लांटवाल्यांच्या सुमारे 20 पट निघालं आणि 21 वर्षांखालच्या मुलींत हा फरक आणखी मोठा होता.

तीन महिन्यांचं इंजेक्शनही काही जण याच गटात धरतात. मी ते वेगळं ठेवते. पुढची सुई चुकली की संरक्षण गेलं, आणि थांबवल्यावर बीज पुन्हा नियमित सुटायला बरेच महिने लागू शकतात. तीन-चार वर्षांनी मूल हवं असणारीला ते वापरता येत नाही असं नाही, पण तो उशीर आधी माहीत असावा.

म्हणजे परिणामकारकतेत दोन तांब्या आणि इम्प्लांट या तिघांत निवड करण्याजोगं अंतर नाही. निवड करायची ती यावर की पुढची काही वर्षं अंगावरून कसं जाणार आणि त्यातलं तुम्हाला काय चालेल. सल्ला द्यायला बसते तेव्हा साधनांची नावं काढायच्या आधी मी दोन प्रश्न विचारते. पहिला: महिन्यातून एकदा भरपूर, की सहा महिने मधूनमधून थोडे थोडे डाग, की केव्हा येईल याचा भरवसाच नाही, यातलं काय निभावता येईल? दुसरा: पाळी अजिबात थांबली तर बरं वाटेल, की दर महिन्याला पोटात गोळा येईल? दुसऱ्या प्रश्नाला गर्भपातानंतर फार वजन येतं. नको असताना दिवस राहण्याच्या अनुभवातून नुकतीच गेलेली बाई पाळीच्या तारखेकडे डोळे लावून बसते; पाळी आली हाच तिचा दिलासा असतो. तिला पाळी थांबवणारं साधन दिलं, तर ते कितीही उत्तम असलं तरी दर महिन्याला लघवीची तपासणी करत ती झुरत राहते आणि शेवटी काढून घेते. उलट, पाळीला कंटाळलेली बाई त्याच साधनावर सुखाने वर्षं काढते.

कॉपर-टीत हार्मोन नसतं. तांब्यामुळे पिशवीत शुक्रजंतू टिकाव धरत नाहीत. बीज दर महिन्याला सुटत राहतं, पाळी आपल्या तालावर येते. 380 ए नावाची तांबी 10 वर्षं चालते, लहान प्रकार 3 ते 5 वर्षं. पण रक्तस्राव वाढतो आणि ओटीपोटात कळाही जास्त येतात, खास करून पहिले तीन ते सहा महिने. ज्यांची पाळी मुळात हलकी आहे त्यांना हे जाणवतं आणि पुढे सरावाचं होतं. तुमच्यासारख्या, आधीच रक्त कमी असलेल्या बाईला मात्र ते थेट तब्येतीवर येतं. गर्भपातातही थोडं रक्त जाणार आहे, त्यावर दर महिन्याला आणखी जास्त जाऊ लागलं तर लोहाच्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. हार्मोन नकोच असेल, किंवा स्तनाच्या कर्करोगामुळे घेता येत नसेल, तर कॉपर-टीसारखं साधन नाही. तुमच्या बाबतीत असं काही दिसत नाही.

हार्मोनची तांबी दिसायला तशीच असते, फक्त तिच्या दांडीतून लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन थोडं थोडं पिशवीतच झिरपत राहतं. पिशवीच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो आणि आतलं अस्तर पातळ राहतं. 52 मिलिग्रॅमची तांबी गर्भनिरोधनासाठी 8 वर्षांपर्यंत चालते. कमी मात्रेच्या 3 ते 5 वर्षं. पहिले तीन ते सहा महिने कटकटीचे असतात: मधूनच डाग, कधी आठवडाभर तपकिरी स्राव, चार दिवस कोरडे आणि पुन्हा डाग. त्यानंतर रक्तस्राव बराच कमी होतो आणि वर्षअखेरीला साधारण पाचातल्या एकीची पाळी पूर्ण थांबलेली असते. भरपूर अंगावरून जाणाऱ्यांना उपचार म्हणूनही आम्ही हीच तांबी देतो. तुमची दर दोन तासांनी पॅड बदलायची पाळी आणि साडेनऊचं हिमोग्लोबिन पाहता मी हिचं नाव आधी घेईन. पाळी थांबली की रक्त आत साठतं आणि पुढे त्रास देतं, असं बऱ्याच जणी समजतात. तसं होत नाही. अस्तर जाड होतच नसल्यामुळे बाहेर पडायला काही नसतं.

इम्प्लांट म्हणजे 4 सेंटिमीटर लांबीची, आगपेटीच्या काडीएवढी मऊ कांडी. ज्या हाताने लिहीत नाही त्या दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली, जागा बधिर करून काही मिनिटांत बसवतात. बसवल्यावर दोन बोटांनी चाचपून पाहा, ती सहज हाताला लागली पाहिजे. लागत नसेल तर तिथेच, त्याच वेळी सांगा, कारण खोल गेलेली कांडी काढणं जिकिरीचं होतं. एका कांडीचं इम्प्लांट सर्वसाधारणपणे 3 वर्षांसाठी असतं, दोन कांड्यांचं 5 वर्षांसाठी. गर्भ राहू न देण्यात हे सर्वांत खात्रीच्या साधनांपैकी एक आहे. ज्यांना आतून तपासणी नकोशी वाटते, मग त्यामागे जबरदस्तीचा अनुभव असो वा नुसता संकोच, त्यांच्यासाठी ते वरदानच आहे. अवगुण एकच, पण तो मोठा: रक्तस्राव कसा होईल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. कोणाची पाळी थांबते, कोणाला महिन्यातून दोनदा येते, कोणाचे डाग थांबता थांबत नाहीत. साधारण दहातली एक बाई एवढ्याच कारणाने ते काढून घेते.

औषधांबद्दल इथेच सांगते, कारण दवाखान्यात हे विचारायचं राहून जातं. क्षयासाठी रिफाम्पिसिन किंवा फिट्ससाठी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन चालू असेल तर इम्प्लांटमधलं हार्मोन यकृतात लवकर संपतं आणि संरक्षण कमी पडतं. दोन्ही तांब्यांना या औषधांची बाधा नाही. तुम्ही किंवा हे वाचणाऱ्या कोणी अशी गोळी घेत असाल, तर गर्भनिरोधनाचं बोलणं निघताच ती पुढे ठेवा.

आता कधी बसवायची, याबद्दल.

पिशवी साफ करून गर्भपात झाला, तर ती रिकामी झाल्याची खात्री होताच त्याच टेबलावर कोणतीही तांबी बसवता येते. पिशवीचं तोंड उघडलेलंच असतं, भूल किंवा बधिर करणारं औषध दिलेलंच असतं, त्यामुळे बसवण्याची वेगळी कळ सोसावी लागत नाही. एरवी हीच तांबी बसवताना होणारं दुखणं काही जणींना नकोसं होतं, म्हणून ही सोय मला मोलाची वाटते. शरीराला झेपेल का, या तुमच्या शंकेवर एक अभ्यास सांगते. 5 ते 12 आठवड्यांत पिशवी रिकामी केलेल्या 575 स्त्रियांवर अमेरिकेत झालेला हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना लगेच तांबी बसवली, काहींना दोन ते सहा आठवड्यांनी बोलावलं. लगेच बसवलेल्यांत तांबी आपोआप बाहेर पडण्याचं प्रमाण सहा महिन्यांत 5 टक्के, उशिरा बसवलेल्यांत 2.7 टक्के. जंतुसंसर्ग किंवा इतर त्रास वाढला नाही. पण नंतर बोलावलेल्यांपैकी जवळपास तीन दशांश जणी तांबी बसवायला आल्याच नाहीत आणि अभ्यासाच्या काळात पुन्हा दिवस राहिलेल्या पाचही जणी त्याच गटातल्या होत्या. म्हणजे लगेच बसवण्यात तांबी निसटण्याचा धोका थोडा जास्त आहे हे खरं. त्यासाठी पुढच्या तपासणीला जायचं आणि तांबी जागेवर आहे ना ते पाहून घ्यायचं. गर्भ 12-13 आठवड्यांपुढचा असेल तर निसटण्याची शक्यता आणखी वाढते, तरी बसवायला मनाई नाही.

गोळ्यांनी गर्भपात करणार असाल तर हिशोब बदलतो. पहिली गोळी, म्हणजे मिफेप्रिस्टोन, घेता त्याच दिवशी इम्प्लांट बसवता येतं आणि त्याने गर्भपाताच्या गोळ्यांचा परिणाम कमी होत नाही. इंजेक्शन मात्र त्या दिवशी घेतलं तर गर्भ तसाच वाढत राहण्याची शक्यता थोडी वाढते: 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती 0.9 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर गेली होती. पुन्हा यायला जमणारच नसेल तर हा धोका समजून इंजेक्शन घेणाऱ्या असतात, पण तो त्यांना सांगितलेला असावा. तांबी मात्र गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावरच, बहुधा आठवडा-दोन आठवड्यांच्या तपासणीत. त्या वेळी सोनोग्राफीत अस्तर जाड दिसतं, रक्ताच्या थोड्या गाठीही दिसतात. एवढ्यावरून तांबी पुढे ढकलायचं कारण नाही.

पाळी येईपर्यंत थांबू, असं म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. गर्भपातानंतर बीज 8 ते 10 दिवसांतही सुटू शकतं आणि बहुतेकींचं पहिल्या महिन्यात सुटतंच. पहिली पाळी येते ती त्यानंतर. म्हणजे पाळीची वाट पाहताना दिवस राहू शकतात.

तांबी त्या दिवशी बसवू नयेच, अशा वेळा थोड्या आहेत. पिशवीत जंतुसंसर्ग झालेला असणं, म्हणजे ताप, घाण वासाचा स्राव, ओटीपोट दाबल्यावर दुखणं. पिशवीच्या तोंडातून पू येत असणं. द्राक्षगर्भ (नीट गर्भाऐवजी पिशवीत द्राक्षांच्या घोसासारखी वाढ) होता आणि रक्तातलं गर्भारपणाचं हार्मोन अजून उतरत नाही, अशी स्थिती. फायब्रॉइडमुळे, म्हणजे पिशवीतल्या मांसल गाठींमुळे, पिशवीच्या आतला आकारच बिघडलेला असणं. इम्प्लांट या सगळ्यांत चालतं. लैंगिक संबंधातून होणाऱ्या जंतुसंसर्गाची तपासणी तांबी बसवतानाच करून घेता येते, लक्षणं नसतील तर रिपोर्टसाठी अडून बसायची गरज नाही.

बहिणीच्या दोन वर्षांबद्दल. तांबी काढली की त्याच महिन्यात दिवस राहू शकतात, इम्प्लांटचंही तसंच. मग लोकांच्या मनात ही भीती बसली कुठून? 1970च्या दशकात अमेरिकेत डाल्कन शील्ड नावाची तांबी विकली जात होती. तांबी ओढून काढण्यासाठी तिला जो दोरा असतो, तो हिच्यात अनेक तंतू एकत्र बांधून केलेला होता आणि त्यातून जंतू वर पिशवीत चढत. कित्येक स्त्रियांना गंभीर संसर्ग झाले आणि 1974 मध्ये तिची तिथली विक्री थांबली. नाव मात्र सगळ्याच तांब्यांचं खराब झालं. आताच्या तांब्यांचा दोरा एकाच तंतूचा असतो. 2001 मध्ये मेक्सिकोतला एक अभ्यास आला. त्यात मूल न झालेल्या स्त्रियांच्या बंद गर्भनळ्यांचा संबंध पूर्वी वापरलेल्या कॉपर-टीशी लागला नाही, लागला तो लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या क्लॅमिडिया या जंतूशी. बसवल्यानंतरचे पहिले साधारण तीन आठवडे संसर्गाची शक्यता किंचित जास्त असते, त्यानंतर ती तांबी नसलेल्या बाईएवढीच राहते. तुमच्या बहिणीला उशीर का झाला हे मी इथे बसून सांगू शकत नाही. वय, जोडीदाराचे शुक्रजंतू, थायरॉइड, पीसीओएस (बीज नियमित न सुटण्याचा विकार) अशी कितीतरी कारणं असतात आणि ती तांबी असताना झाकलेली राहतात. अजून मूल न झालेल्या स्त्रियाही तांबी बसवून घेतात, त्यात काही गैर नाही.

यापुढचं मी डॉक्टर म्हणून सर्वांत तळमळीने सांगते. तुम्ही लिहिलंय, “बसवली नाही तर गर्भपात करतील की नाही, असं वाटायला लागलं आहे.” तशी अट कोणीही घालू शकत नाही. गर्भपात आणि गर्भनिरोधन या दोन वेगळ्या संमती आहेत. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की गर्भनिरोधक स्वीकारणं ही गर्भपाताची अट असता कामा नये. परिणामकारक साधन हाती आलं की ते सक्तीने बसवायचा मोह व्यवस्थेला होतो. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने एका बाईला शिक्षेत सवलत देताना दंडात इम्प्लांट बसवण्याची अट घातली होती. टेबलावर पडलेल्या, घाबरलेल्या बाईला “बसवून टाकू ना?” असं विचारणं हेही मला त्याच वाटेवरचं वाटतं. हे बोलणं आधी, कपडे अंगावर असताना, समोरासमोर बसून व्हायला हवं. आणि त्यात एक प्रश्न तुम्ही विचारायचा: मला नकोशी झाली आणि मी सहा महिन्यांनी काढायला आले, तर कारण न विचारता काढाल ना? “थोडे दिवस बघा, सवय होईल” एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे चौकशी करा. गोळी तुम्ही मनात आलं की थांबवू शकता. तांबी आणि इम्प्लांट काढायला मात्र दुसऱ्याचा हात लागतो, म्हणून काढणारं माणूस आधी हेरून ठेवायचं. तांबी काढणं मिनिटाभराचं काम आहे. इम्प्लांट काढायला छोटी चीर घ्यावी लागते, ते शिकलेल्याकडूनच काढून घ्या.

बसवल्यावर काय होईल तेही सांगते. गर्भपाताचा रक्तस्राव आणि नव्या साधनाचे डाग पहिले काही आठवडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे कशाचं काय हे कळत नाही आणि सगळं खापर तांबीवर फुटतं. म्हणून शक्य झालं तर तीन महिने तरी निकाल देऊ नका. न सोसण्याजोगं असेल तर अर्थातच थांबू नका. पाळीनंतर हात स्वच्छ धुऊन, उकिडवं बसून, बोट आत घातलं की पिशवीच्या तोंडापाशी दोऱ्याची बारीक टोकं लागतात. ती लागली नाहीत, फार लांब वाटली, किंवा प्लॅस्टिकचं कडक टोक हाताला आलं तर कंडोम वापरायला सुरुवात करून दाखवून घ्या. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर ओढण्याआधी कडेला दाबून हवेची पकड सोडवा, नाहीतर दोरा ओढला जाऊ शकतो. जोडीदाराला दोरा टोचतो असं वाटलं तर तो कापून आखूड करता येतो. आणि यातलं काहीही लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांपासून वाचवत नाही, त्यासाठी कंडोम लागतोच.

तांबी असताना पाळी चुकली, लघवीच्या तपासणीत दोन रेघा आल्या, तर दिरंगाई करू नका. तांबीमुळे एकूण गर्भधारणाच फार कमी होतात, पण त्यातूनही राहिलीच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता पाहावी लागते.

तुमच्यासाठी म्हणून सांगायचं तर असं करा. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट घेऊन जा आणि हार्मोनची तांबी उपलब्ध आहे का ते विचारा. पिशवी साफ करणार असाल आणि मनाची तयारी असेल तर त्याच वेळी बसवून घ्या. गोळ्या घेणार असाल तर तपासणीच्या तारखेला बसवायचं आधीच ठरवून ठेवा. पाळी थांबण्याच्या कल्पनेनेच अस्वस्थ होत असाल तर तसं स्पष्ट सांगा. मग कॉपर-टीचा विचार लोह भरून काढल्यावर करता येईल, तोवर दुसरं काही. आणि त्या दिवशी काहीच नक्की झालं नाही तर काही न बसवता घरी या. गर्भनिरोधक गोळ्या पिशवी साफ केल्याच्या दिवशीच पुन्हा सुरू करता येतात. गोळ्यांनी गर्भपात केलात तर मिफेप्रिस्टोन घेतलेल्या दिवसापासूनही चालतात. विसरण्याची भीती असेल तर सोबत कंडोम ठेवा. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, केव्हाही तांबी किंवा इम्प्लांट बसवता येतं.

कोणत्याही मार्गाने गर्भपात झाला आणि काहीही बसवलेलं असो वा नसो, लागोपाठ दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, ताप 38 अंश सेल्सिअसच्या (100.4 फॅरनहाइटच्या) वर राहिला, घाण वास येऊ लागला किंवा वेदनाशामक गोळीनेही पोटातली कळ थांबली नाही, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. हिमोग्लोबिन साडेनऊ असताना फार रक्त जाऊ देणं तुम्हाला परवडणारं नाही.